सात वर्षं चाललेली अंतरिम पोटगी : नागपूरच्या एका प्रकरणाचा अभ्यास

नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात २०१३ साली ई-४४३/२०१३ या क्रमांकाचा अर्ज दाखल झाला. महाराष्ट्रातल्या कौटुंबिक न्यायालयांत क्रमांकाच्या आधीचं अक्षर प्रकरण कशाचं आहे ते सांगतं. घटस्फोटासारख्या विवाहविषयक अर्जांना ‘ए’, मुलांच्या ताब्याला ‘डी’ आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालच्या पोटगीला ‘ई’. पहिल्यांदाच कोर्टाची पायरी चढणाऱ्या अनेकांना हा ‘ई’ ऑनलाइन अर्जाचा वाटतो, म्हणून आधीच सांगितलं.

या प्रकरणात अर्जदार दोघं होते, पत्नी आणि तिचं तान्हं मूल. मुलाच्या जन्मानंतर थोड्याच काळात, जानेवारी २०१३ मध्ये, तिने सासरचं घर सोडलं. २ सप्टेंबर २०१३ रोजी तिने स्वतःसाठी आणि मुलासाठी अंतरिम पोटगी मागितली. मूळ अर्जाचा निकाल लागेपर्यंत घर चालावं, दूध-औषधं यावीत, एवढ्यासाठीच अंतरिम पोटगी असते. कायद्यात २००१ सालीच दुरुस्ती होऊन असं लिहिलं गेलं होतं की नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत अंतरिम अर्ज निकाली काढावा. इथे कौटुंबिक न्यायालयाचा आदेश आला २४ ऑगस्ट २०१५ रोजी. बाळ तोवर अडीच वर्षांचं झालं होतं.

आदेश असा होता : पत्नीला १ सप्टेंबर २०१३ पासून दरमहा १५,००० रुपये. मुलाला त्याच तारखेपासून ३१ ऑगस्ट २०१५ पर्यंत दरमहा ५,००० आणि १ सप्टेंबर २०१५ पासून पुढे दरमहा १०,००० रुपये. पतीने या आदेशाला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिकेने आव्हान दिलं. ती १४ ऑगस्ट २०१८ रोजी फेटाळली गेली. मग तो सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथला निकाल ४ नोव्हेंबर २०२० चा. न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. आर. सुभाष रेड्डी यांनी दिलेला, फौजदारी अपील क्रमांक ७३०/२०२०. निकालाच्या शीर्षकात दोघांची नावं आहेत. ती इथे घेत नाही. पण वकिलाला अपील क्रमांक सांगितला की पुरे, कारण पोटगीवर काम करणाऱ्या प्रत्येक वकिलाच्या टेबलावर आज हा निकाल असतो.

पत्नीचे १५,००० रुपये २०१५ मध्ये ठरले, २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने ते कायम ठेवले आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच द्यायला सांगितले. पाच वर्षं वरच्या कोर्टांत भांडून रक्कम जागची हलली नाही. त्या बाईची खरी लढाई ठरलेला पैसा हातात पडण्यासाठी होती. घटस्फोटाच्या उंबरठ्यावर उभे असलेले लोक ‘पोटगी किती मिळेल’ हा प्रश्न सगळ्यात आधी विचारतात. माझ्या मते त्याआधी विचारायचे प्रश्न दोन आहेत : समोरच्याचं उत्पन्न कागदावर कसं आणायचं, आणि आदेश झाल्यावर वसुली कशी करायची. या प्रकरणाचा सगळा जीव त्या दोन प्रश्नांत आहे.

घटस्फोटाचा अर्ज नसताना पोटगी

या बाईचा अर्ज घटस्फोटाचा नव्हता, फक्त पोटगीचा होता, तरी तो चालला. कलम १२५ ला घटस्फोटाचा दावा लागत नाही आणि धर्मही आड येत नाही. घटस्फोट झाल्यावरही, पुनर्विवाह केलेला नसेल तोवर, बाई या कलमाखाली पोटगी मागू शकते. मुस्लिम घटस्फोटितेलाही हा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. अर्ज नवऱ्याच्या गावीच करावा लागतो हाही गैरसमज आहे. पत्नी जिथे राहते तिथल्या न्यायालयात, म्हणजे माहेरी असेल तर माहेरच्या गावी, अर्ज करता येतो. १ जुलै २०२४ पासून हेच कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ क्रमांकाने आलं आहे. जुन्या निकालांत १२५ दिसलं तर गोंधळू नका.

याशिवाय हिंदू विवाह कायद्याचं कलम २४ आहे. घटस्फोटाचा किंवा नांदायला येण्याचा दावा चालू असताना त्याखाली अंतरिम पोटगी मिळते, आणि ती पतीलाही मागता येते. कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम २० आहे. हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याचं कलम १८ आहे. एवढे दरवाजे उघडे असल्यामुळे सगळीकडे अर्ज टाका म्हणजे चौपट मिळेल, असा सल्ला कुणी तरी हमखास देतं. नागपूरच्या प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या सल्ल्यातली हवा काढून घेतली. अर्ज एकापेक्षा जास्त करता येतात, पण आधीचा प्रत्येक अर्ज आणि आदेश दुसऱ्या न्यायालयाला सांगणं बंधनकारक आहे, आणि आधी ठरलेली रक्कम नंतरच्या रकमेतून वळती होते. समजा हिंसाचाराच्या प्रकरणात ८,००० ठरले आणि नंतर १२५ मध्ये १२,००० योग्य वाटले, तर हातात वीस हजार येत नाहीत, बाराच येतात. आधीचा आदेश बदलून हवा असेल तर ज्या न्यायालयाने तो दिला तिथेच जावं लागतं. लपवाछपवी केली तर पुढच्या तारखेला समोरचा वकील आधीचा आदेश काढून दाखवतो आणि खऱ्या गरजेवरचाही विश्वास उडतो.

उत्पन्न कागदावर कसं आणायचं

सर्वोच्च न्यायालयात पतीचं म्हणणं होतं की तो सध्या बेकार आहे, नावावर स्थावर मालमत्ता नाही, चालू बँक खातं एकच आहे. कौटुंबिक न्यायालयाने २००६ ची आयकर विवरणपत्रं धरून २०१३ ची पोटगी ठरवली हेच चूक झालं, असाही त्याचा मुद्दा होता.

या शेवटच्या मुद्द्यावर थोडं थांबतो. २०१३ ची पोटगी ठरवताना २००६ ची विवरणपत्रं आधाराला का घ्यावी लागतात? कारण पोटगीच्या खटल्यात उत्पन्नाची खरी माहिती एकाच माणसाकडे असते, आणि ती उघड झाली तर त्याचंच नुकसान असतं. बाईला नवऱ्याचा पगार अंदाजाने माहीत असतो. धंदा असेल तर अंदाजही नसतो. मग ती अर्जात फुगवून लिहिते, तो उत्तरात आकसून लिहितो आणि न्यायाधीश दोन्हींच्या मध्ये कुठे तरी आकडा टाकतात. सर्वोच्च न्यायालयाने या पतीला २००५-०६ पासूनची सगळी आयकर विवरणपत्रं आणि पासपोर्टची छायाप्रत दाखल करायला सांगितली. हे काम पहिल्याच न्यायालयात, पहिल्याच महिन्यात व्हायला हवं होतं.

पुढच्या प्रकरणांत ते व्हावं म्हणूनच न्यायालयाने गोपाल शंकरनारायणन आणि अनिता शेणॉय या दोन ज्येष्ठ वकिलांना न्यायमित्र, म्हणजे न्यायालयाला मदत करणारे वकील, म्हणून नेमून देशभरासाठी नियम घालून दिले. त्यातला सगळ्यात उपयोगी नियम मालमत्ता आणि देण्यांच्या शपथपत्राचा. पोटगी मागणाऱ्यानेही ते द्यायचं आणि ज्याच्याकडून मागितली त्यानेही, उत्तरासोबत, जास्तीत जास्त चार आठवड्यांत. नमुना निकालपत्राला जोडलेला आहे. पगार, धंद्याचं उत्पन्न, बँक खाती, ठेवी, विमा, शेअर, वाहनं, दागिने, कर्जाचे हप्ते, अवलंबून असलेली माणसं, घरखर्च असं सगळं त्यात भरायचं असतं. शेतीवर जगणाऱ्या कुटुंबांसाठी वेगळा नमुना आहे. त्यात जमीन, पिकं, जनावरं आणि शेतीकर्ज येतं. आपल्याकडे त्याला सातबारा, आठ-अ आणि फेरफाराचे उतारे जोडावेत. नवरा शेतकरी आहे, त्याला पगारच नाही, मग पोटगी कशी मागायची, असं गावाकडच्या बायका विचारतात. त्यांच्यासाठी हा दुसरा नमुना म्हणजे हातात आलेलं हत्यार आहे आणि तो फार कमी वापरला जातो.

शपथपत्र द्यायला समोरच्याने चालढकल केली तर दोनपेक्षा जास्त मुदती द्यायच्या नाहीत. जाणूनबुजून टाळतोय असं दिसलं तर त्याचा बचाव काढून टाकून, म्हणजे त्याचं म्हणणं विचारात न घेता, उपलब्ध कागदांवर निर्णय द्यायची मुभा न्यायालयाला आहे. खोटं शपथपत्र दिलं तर खोट्या पुराव्याची कारवाई होऊ शकते.

पण नियम आपोआप चालत नाहीत. शपथपत्रात एकच बँक खातं लिहिलेलं असतं, तेव्हा दुसरं कुठल्या बँकेत आहे हे बहुतेक वेळा फक्त बायकोला माहीत असतं. म्हणून घर सोडण्याआधी किंवा सोडल्यावर लगेच, हाताशी असेल ते जपून ठेवा : पगाराची एखादी जुनी स्लिप, फॉर्म १६, विम्याच्या पावत्या, गाडीच्या कर्जाचा हप्ता कुठल्या खात्यातून जातो त्याची नोंद, दुकानाच्या जीएसटी नोंदणीचा फोटो. जमिनीचे उतारे महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर काढता येतात, घर-फ्लॅटच्या खरेदीचा इंडेक्स टू, म्हणजे व्यवहाराच्या नोंदीचा उतारा, नोंदणी विभागाकडून मिळतो. दुसऱ्याचा फोन किंवा ईमेल चोरून उघडायच्या भानगडीत पडू नका. जे मिळालं नाही त्याच्यासाठी न्यायालयात अर्ज देऊन बँकेकडून किंवा मालकाकडून कागद मागवता येतात.

आणि स्वतःचं शपथपत्र खरं लिहा. शिकवण्यांचे चार हजार मिळत असतील तर ते लिहा. बायको कमावते म्हणून पोटगी आपोआप बुडत नाही. त्या उत्पन्नात तिला लग्नातल्या राहणीमानाच्या जवळपास जगता येतं का, हा प्रश्न असतो. नुसती पदवी आहे, कमावू शकली असती, एवढ्यावरही पोटगी नाकारता येत नाही. कमावण्याची पात्रता आणि प्रत्यक्ष कमाई या वेगळ्या गोष्टी आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितलं आहे. लग्नानंतर किंवा मूल झाल्यावर नोकरी सोडली असेल तर तेही लिहा, कारण किती वर्षं संसारासाठी दिली हे रक्कम ठरवताना पाहायचं आहे. लपवलेले चार हजार उलटतपासणीत सापडले तर नुकसान त्याहून कितीतरी मोठं होतं.

बेकारीच्या बचावाबद्दलही कायदा पुरेसा स्पष्ट आहे. धडधाकट, शिकलेल्या माणसाने ‘मला काम नाही’ म्हटलं म्हणून जबाबदारी संपत नाही; त्याची कमावण्याची क्षमता धरली जाते. पण नोकरी खरोखर जाऊ शकते. तसं झालं तर पतीने पैसे देणं गुपचूप बंद करू नये. कामावरून कमी केल्याचं पत्र जोडून रक्कम कमी करण्याचा अर्ज लगेच द्यावा. त्यासाठी वेगळं कलम आहे (जुनं १२७, आता १४६). अर्ज न करता थांबवलेला प्रत्येक महिना थकबाकीत जमा होतो.

पगाराच्या किती टक्के, याचं कायद्यात उत्तर नाही. २०१७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम योग्य मानली होती. तो आकडा तेव्हापासून वकिलांच्या तोंडी आहे. पण तो दंडक नाही. म्हातारे आईवडील, घराचं कर्ज, मुलांची संख्या, बायकोची कमाई याप्रमाणे तो खाली-वर होतो.

पोटगी कोणत्या तारखेपासून

नागपूरच्या आदेशात पोटगी अर्जाच्या महिन्यापासून दिली होती. ती आदेशाच्या तारखेपासून दिली असती तर काय झालं असतं, हिशेब करून पाहा. सप्टेंबर २०१३ ते ऑगस्ट २०१५ हे चोवीस महिने. पत्नीचे १५,००० आणि मुलाचे ५,००० मिळून दरमहा २०,०००. म्हणजे ४,८०,००० रुपये. निकाल उशिरा लागला या एकाच कारणाने एवढी रक्कम बुडाली असती आणि खटला लांबवणं नवऱ्याच्या फायद्याचं ठरलं असतं. २०२० पूर्वी देशातली न्यायालयं याबाबत वेगवेगळं वागत होती. कुठे अर्जापासून, कुठे आदेशापासून, कुठे समन्स मिळाल्यापासून. या निकालाने ते संपवलं. आता सगळ्या प्रकरणांत अर्जाच्या तारखेपासूनच.

यातून एक साधी गोष्ट निघते. बोलणी चालू आहेत, मोठी माणसं मध्यस्थी करताहेत, म्हणून अर्ज सहा महिने थांबवला तर ते सहा महिने परत मिळत नाहीत. तडजोड अर्ज दाखल असतानाही होते. कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक त्यासाठीच असतात. अर्ज करणं म्हणजे नातं तोडणं नव्हे, हे घरच्यांना समजावून सांगावं लागलं तर सांगा. खर्चाची भीती असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि महाराष्ट्रात अशा कौटुंबिक वादांत महिलांना कोर्ट फी माफ आहे.

आदेश झाल्यावर

११ सप्टेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पतीला थकबाकीपोटी दोन लाख आणि आणखी तीन लाख रुपये भरायला सांगितले. त्या तीन लाखांचं देणं त्याने स्वतःच कबूल केलं होतं. १४ ऑक्टोबरच्या आदेशात नोंद आहे की त्यातले थोडेच पैसे दिले गेले. उरलेल्या रकमेसाठी ३० नोव्हेंबर २०१९ ही शेवटची संधी दिली आणि चुकल्यास अवमानाची कारवाई करू असं बजावलं. देशातल्या सर्वोच्च न्यायालयाला पोटगीच्या हप्त्यांसाठी तारखा लावाव्या लागल्या. तालुक्याच्या न्यायालयात एकट्याने तारखांना येणाऱ्या बाईची काय अवस्था होत असेल?

पुढे २०२० मध्ये पत्नीच्या बाजूने मांडलेलं एक म्हणणं निकालपत्रात नोंदलेलं आहे. मुलाचे १०,००० रुपये तो अडीच वर्षांचा असताना ठरले होते. आता तो साडेसात वर्षांचा, शाळेत जाणारा मुलगा आहे. २०२०-२१ ची प्रवेश फी भरलेली नाही आणि ती वेळेत भरली नाही तर शाळा ऑनलाइन वर्गाची लिंक पाठवणं बंद करेल. कोविडच्या त्या वर्षात शाळा म्हणजे ती लिंकच होती. पोटगीच्या वादाला ‘नवरा-बायकोचं भांडण’ म्हणणाऱ्यांनी हा परिच्छेद वाचावा. मुलाचा खर्च वाढला की रक्कम वाढवून मागता येते. त्यासाठी नवा खटला लागत नाही, त्याच न्यायालयात, रक्कम बदलण्याच्या आधी सांगितलेल्या कलमाखाली (आता १४६) अर्ज करायचा. फीच्या पावत्या, दवाखान्याची बिलं जोडायची.

निकाल असा लागला : पत्नीची १५,००० च्या दराने संपूर्ण थकबाकी बारा आठवड्यांत द्यावी आणि पुढेही देत राहावं, न दिल्यास वसुलीची कारवाई व्हावी, आणि कौटुंबिक न्यायालयाने २०१३ चा मूळ अर्ज सहा महिन्यांत निकाली काढावा. हो, मूळ अर्ज तोवर प्रलंबितच होता. सात वर्षं जी चर्चा झाली ती अंतरिम रकमेची.

वसुलीबद्दल तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पहिली, वरच्या न्यायालयात अपील किंवा याचिका केली म्हणजे आदेश थांबला असं नाही. स्थगिती मागावी लागते, आणि ती देताना न्यायालय सहसा काही रक्कम भरायला लावते. ‘मॅटर हायकोर्टात आहे’ असं सांगून कुणी हप्ता चुकवत असेल तर स्थगितीचा आदेश दाखवायला सांगा.

दुसरी, मुदत. थकलेली पोटगी वॉरंटने वसूल करण्यासाठी ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. दोन-तीन वर्षं वाट पाहून एकदम अर्ज करणाऱ्या बायकांना इथे मोठा फटका बसतो. जुनी थकबाकी कायमची बुडते असं नाही, पण ती मिळवायचा हा जलद मार्ग बंद होतो. वेळेत केलेला अर्ज प्रलंबित असेल तर त्यानंतर साचलेले महिने त्यातच धरता येतात. म्हणून तीन-चार हप्ते चुकले की वसुलीचा अर्ज टाकून ठेवावा. त्यासाठी पैसे बँक खात्यातच मागा. रोख दिले-घेतले की कोणता महिना आला आणि कोणता राहिला यावरच नवा वाद उभा राहतो.

तिसरी, तुरुंग. पैसे न दिल्यास थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. ‘आत जाऊन येतो, विषय संपला’ असं म्हणणारे नवरे आहेत. विषय संपत नाही. कैद ही वसुलीची पद्धत आहे, कर्जमाफी नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितलं आहे. कैद भोगल्यावरही रक्कम उभीच राहते. २०२० च्या या निकालाने आणखी एक मार्ग अधोरेखित केला. पोटगीचा आदेश दिवाणी हुकूमनाम्यासारखाही बजावता येतो, म्हणजे मालमत्ता आणि पगारावर जप्ती आणता येते. नोकरदार नवऱ्याच्या बाबतीत वॉरंटपेक्षा पगारातून थेट कपात जास्त कामाला येते, असं माझं मत आहे. पोलिसांनी वॉरंट बजावायची वाट पाहत बसावं लागत नाही.

२०२० चा हा निकाल देशभर पाठवला गेला, तरी नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच दुसऱ्या एका प्रकरणात म्हणावं लागलं की खालची न्यायालयं शपथपत्रांशिवायच पोटगीचे आदेश देत आहेत, आणि तो निकाल पुन्हा सगळीकडे पाठवायला सांगावं लागलं. तेव्हा तुमच्या प्रकरणात चार आठवडे उलटूनही समोरच्याचं शपथपत्र आलं नसेल, तर पुढच्या तारखेला नुसतं तोंडी सांगू नका. वकिलाला लेखी अर्ज द्यायला सांगा : शपथपत्र द्यायचा आदेश व्हावा, दोन मुदतींनंतर बचाव काढून टाकावा, आणि तोवर उपलब्ध कागदांवर अंतरिम रक्कम ठरवावी. अर्जात अपील क्रमांक ७३०/२०२० लिहा आणि त्याची पोच जपून ठेवा.